आज्ञाधारकच्या पुढचा तिसरा शब्द

कडुलिंबाला मोहर आला की आमच्या शहरात दर तिसऱ्या घरात कुणीतरी पुटपुटत फिरायला लागतं. गच्चीवर कुरडया वाळत असतात, खाली पोरं पाठांतर करत असतात, आणि त्या मोहराचा तो कडूगोड वास दोन्हींवर सारखाच पसरलेला असतो. माझं वय आता असं आहे की परीक्षा कुणाचीही असली तरी झोप माझी उडते. यंदा माझी नात सई परीक्षेला बसली आहे. परदेशातल्या विद्यापीठात जायचं तर इंग्रजी शब्दांची एक भली मोठी यादी पाठ करावी लागते म्हणे. आमच्या वेळी परदेशात न जाताही करावी लागायची, पण ते असो.

तिला मी कुरडयांची राखण करायला गच्चीवर बसवलं होतं. एका हातात कावळे हाकायची काठी, एका हातात मोबाइल. मध्येच ओरडली, "आजी, ऑब्सीक्विअस! पटकन वाक्यात वापर."

मी म्हटलं, "तुझे आजोबा माझ्या आईसमोर."

"अजून एक."

"निवडणुकीच्या महिन्यातला पुढारी."

"आजी, तू भारी आहेस! अजून एक."

तिसरं वाक्य माझ्याकडं होतं. चांगलं पन्नास वर्षं जुनं, टाइप केलेलं, खाली सही असलेलं वाक्य. ते मला सांगता आलं नाही. सई पुढच्या शब्दाकडं गेली, मी मागेच राहिले.

काही शब्द उच्चारातच आपला स्वभाव सांगून टाकतात. हा त्यातला. म्हणताना ओठ आधी गोल होतात, मग जीभ जराशी वाकते, आणि शेवटी सगळं तोंडातून निसटून जातं, साबण हातातून जावा तसं. मूळ शब्द लॅटिन, अर्थ कुणाच्या तरी मागून चालणं. एवढंच. त्यात वाईट काही नव्हतं. काही शतकांपूर्वीच्या इंग्रजी नाटकांत हा शब्द बापाचं सुतक नीट पाळणाऱ्या मुलासाठी येतो, मालकाचं काम चोख करणाऱ्या सेवकासाठी येतो. तेव्हा तो चांगल्या घरातला होता. मग कादंबऱ्या आल्या आणि त्याची संगत बिघडली. बग्गी थांबलेली दिसली की कमरेत मोडणारा खानावळीचा मालक, हात चोळत उभा असलेला कारकून, गिऱ्हाइकाच्या कोटाची मापं घेताघेता त्याच्या खांद्यांची तारीफ करणारा शिंपी, अशांच्या गळ्यात तो बांधला गेला तो कायमचा. लेखकाला माणूस मारून टाकायचा नसेल, पण वाचकाच्या नजरेत संपवायचा असेल, तर हा एक शब्द पुरतो.

मराठीत त्याला जोडीदार पुष्कळ आहेत. लाळघोट्या, खुशमस्कऱ्या, हुजऱ्या, हांजी हांजी करणारा. आमच्या मराठवाड्यात तर निजामाच्या राज्यानं ही विद्या पिढ्यान्‌पिढ्या मुरवलेली, तेव्हा शब्दांची वाण कशी असेल? पण तरी तो नेमका बसत नाही. लाळघोट्या म्हणताना आपल्याला राग आलेला असतो. ऑब्सीक्विअस म्हणणाऱ्याला राग येत नाही. त्याला किळस येते, आणि तीही तो हातमोजे घालून दाखवतो.

हे सगळं ज्ञान आजचं. ज्या मार्चमध्ये त्याची गरज होती, त्या मार्चमध्ये मला या शब्दाचं फक्त स्पेलिंग येत होतं.

त्या मार्चमधली मी कशी होते ते सांगते, म्हणजे तुम्हाला तिचा राग यायला मदत होईल. फुलंब्रीच्या चार विहिरींच्या घरातली मुलगी, औरंगाबादेत मुलींच्या वसतिगृहात राहून इंग्रजी घेऊन बी.ए. करणारी. त्या वेळी हे एवढं वाक्य सांगितलं की समोरचा माणूस जरा सरसावून बसायचा आणि मी जरा मान वर करायचे. काखेत खिशातली म्हणतात ती मराठी-इंग्रजी डिक्शनरी. ती खिशात मावायची नाही आणि माझ्या पोलक्याला खिसाही नव्हता, म्हणून ती सगळ्यांना दिसेल अशी धरावी लागायची. घामाला मी घाम म्हणत नसे. डोकं दुखलं तर मैत्रिणींना आधी इंग्रजी ऐकावं लागे, मग माझं डोकं. एकदा मेसच्या गंगूबाईंना मी सांगितलं की तुमची भाजी इन्सिपिड आहे. गंगूबाईंनी पळी खाली ठेवली, पदर खोचला आणि विचारलं, "शिवी दिली का गं मला?" मी म्हटलं, "नाही, म्हणजे अळणी." तर म्हणाल्या, "मग अळणी म्हण की भवाने! मीठ मराठीतच मिळतं."

हे ऐकून पाटावर बसल्या बसल्या पोट धरून हसली ती कौसल्या. माझी खोलीतली जोडीदारीण, पाचोडची. तिचे वडील बांधकाम खात्यात रस्त्यावर बिगारी होते, आई मोसंबीच्या बागांत मजुरीला जायची. बाबासाहेबांच्या वाटेनं गेलेलं घर. धाकटी बहीण सातवीत. घरून आली की कौसल्या फडक्यात बांधून बाजरीच्या खारोड्या आणायची आणि आम्ही त्या शेंगदाण्यांबरोबर चघळत रात्री नऊला दिवे जाईपर्यंत वाचायचो.

ती कशी होती? वाकायची नाही. एवढं एक सांगितलं की झालं. त्या मार्चमध्ये वसतिगृहाच्या रेक्टरबाईंनी फर्मान काढलं, पाणी कमी आहे, मुलींनी दिवसाला एक बादली. बाईंच्या न्हाणीत मात्र पिंप भरलेलं. आम्ही सगळ्या खालच्या आवाजात चिडलो, मी तर इंग्रजीत चिडले. कौसल्या आपली रिकामी बादली घेऊन गेली आणि बाईंच्या दारात ती पालथी घालून तिच्यावर बसली.

"काय गं, काय पाहिजे?" बाई म्हणाल्या.

"काय नाय बाई. तुमचं एका बादलीत कसं भागतं ते बघून शिकावं म्हणलं."

दुसऱ्या दिवशी दोन बादल्या झाल्या.

सकाळी सहाला आम्ही दोघी मकबऱ्याच्या बागेत वाचायला जायचो. तेव्हा तिथं पहाटे परीक्षेची पोरंच जास्त दिसायची, पाहुणे कमी. हौदाच्या कडेचा दगड सकाळी गार असायचा आणि साडेआठला चटका द्यायचा, तोच आमचा घड्याळाचा गजर. मी कवितेतले अवघड शब्द वहीत उतरवून घ्यायचे, अर्थ लिहायचे, खाली दोन रेघा मारायचे. ती कविता एकदा वाचायची, पुस्तक मिटायची आणि बराच वेळ मिनाराकडं बघत बसायची. मग म्हणायची, "शाले, या माणसाला कायतरी लपवायचंय बघ. एवढी फुलं कशाला आणलीत यानं मधी?" मी म्हणायचे, "अगं, ती इमेजरी आहे." ती म्हणायची, "असंल." आणि तिचं खरं असायचं. सरांनी नंतर वर्गात तेच सांगितलं की कवी दुःख लपवतो आहे. तेव्हाही मला वाटलं ते एवढंच, की हिला शब्द कुठं येतात!

एप्रिलच्या आधी शहरातल्या एका मुलींच्या शाळेत इंग्रजीच्या शिक्षिकेची हंगामी जागा निघाली. निकाल लागायचा असलेल्यांनीही अर्ज करावा, सोबत प्राध्यापकांचं शिफारसपत्र जोडावं. कौसल्यानं जाहिरात कापून उशीखाली ठेवली. ही जागा मिळाली असती तर तिला पाचोडला परत जावं लागलं नसतं. संध्याकाळी एम.ए. करता आलं असतं. एक खोली घेऊन बहिणीला शहरात आणता आलं असतं. नाही मिळाली तर मे महिन्यात मामाच्या पोराशी लग्न ठरलेलं होतं. "तो चांगलाय," ती म्हणायची, "पण मला आत्ता चांगला नको, मला आत्ता नोकरी पाहिजे."

आता एक पद्धत सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळायचं नाही. आमचे इंग्रजीचे सर शिफारसपत्र स्वतः लिहीत नसत. कुणीच सर लिहीत नसत. म्हणायचे, "तुम्हीच लिहून, टाइप करून आणा, मी सही करतो." म्हणजे प्रत्येक विद्यार्थ्यानं आपली स्तुती आपणच, सरांच्या आवाजात, इंग्रजीत लिहायची. बहुतेकांना इंग्रजी येत नसे किंवा लाज येत असे. मला दोन्हींचा त्रास नव्हता. अख्ख्या वसतिगृहाची शिफारसपत्रं मी लिहायचे. त्या वर्षी माझं स्वतःचंही लिहिलं होतं, एका वक्तृत्व स्पर्धेसाठी. त्यात मी ब्रिलियंट होते, माझ्याकडं इंडिपेंडंट माइंड होतं, आणि ते पत्र मी कॉटवर उभं राहून कौसल्याला वाचूनही दाखवलं होतं. ती टाळ्या वाजवून म्हणाली होती, "अगं बया, एवढी कोण बाई राहती आपल्या खोलीत?"

तिचं पत्र मी एका दुपारी लिहिलं. बाहेर ऊन नुसतं पांढरं पेटलेलं. मेहनती लिहिलं. वक्तशीर लिहिलं. चारित्र्य उत्तम लिहिलं. मग स्वभावाची ओळ आली. मी डिक्शनरी उघडली आणि आज्ञाधारक हा शब्द काढला. पुढं तीन इंग्रजी प्रतिशब्द दिले होते. पहिला ओबीडियंट. छे! तो तर चौथीतली पोरंसुद्धा रजेच्या अर्जाखाली लिहितात. दुसरा ड्यूटिफुल. तो ओळखीचा. तिसरा कुणालाच माहीत नसलेला, लांबलचक, क्यूवाला. क्यू असलेल्या शब्दांबद्दल मला तेव्हा विशेष आदर होता. तिसऱ्याचा स्वतंत्र अर्थ कुठं बघावा असं मनातही आलं नाही. तीन भाऊ एका ओळीत उभे आहेत म्हणजे तिघे सारखेच, हा माझा हिशोब. 'स्वभावाने अत्यंत ऑब्सीक्विअस' असं इंग्रजीत लिहून मी खाली रेघ मारली आणि पेन टोपणात घातलं.

गुलमंडीच्या मागं एक टाइपिस्ट बसायचे, वयस्कर, चष्म्याची एक काडी दोऱ्यानं बांधलेली. त्या शब्दापाशी त्यांची बोटं थांबली. "बेटा, ये लफ्ज सही है ना? मैंने इत्ते साल में कभी टाइप नहीं किया."

"तुम टाइप करो चाचा," मी म्हटलं. किती तोऱ्यात म्हटलं असेल, ते आठवलं की आजही कान गरम होतात.

सरांनी कॉलेजच्या फाटकात, स्कूटरच्या सीटवर कागद ठेवून सही केली. वाचलं नाही. एक पाय किकवर होता.

कौसल्यानं मात्र वाचलं. त्या शब्दावर बोट ठेवून म्हणाली, "हे काय गं?"

"चांगलं आहे. तुला कळायचं नाही."

"तू म्हणतीस तर व्हय."

तीन वर्षांत तिनं माझं न तपासता ऐकलेलं ते एकमेव वाक्य असावं.

मुलाखतीला ती माझी निळी साडी नेसून गेली. अकराला गेली ती तीनला आली. साडी बदलली, तिची घडी घातली, काठाला काठ जुळवून, आणि माझ्या कॉटवर ठेवली.

"काय झालं गं?"

"नाय झालं."

"काय विचारलं?"

"काय नाय."

आणि ती भिंतीकडं तोंड करून पडली. मी तिचं सांत्वन केलं. कसं केलं असेल? "डोन्ट बी डिस्पॉन्डंट," असं म्हटलं मी तिला. त्या वेळी कुणी माझ्या तोंडात खारोडी कोंबली असती तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवसापासून ती मकबऱ्यात हौदाच्या पलीकडच्या बाजूला बसून वाचायला लागली. मला वाटलं, नोकरीचं दुःख आहे, जाईल. पेपर झाले. शेवटच्या दिवशी आम्ही सगळ्या एकमेकींच्या वह्यांत पत्ते लिहीत होतो. तिनं माझ्या वहीत लिहिला नाही. पाचोडच्या गाडीत ट्रंक चढवताना मी मदत केली, ती "ऱ्हाऊ दे" म्हणाली. एवढंच.

पुढचं माझं आयुष्य दोन ओळींचं आहे. इंग्रजी घेऊन बी.ए. झाले आणि इंग्रजी घेऊन सासरी गेले. तिथं ते औषधाच्या बाटल्यांवरची नावं वाचायला आणि तार आली की वाचून दाखवायला उपयोगी पडलं. सासूबाई पुढं, मी मागं, देवळात, लग्नांत, दवाखान्यात. माझ्या त्या इंडिपेंडंट माइंडनं सव्वीस वर्षांत सासूबाईंना एकदाच उलट उत्तर दिलं, तेही त्यांना ऐकू यायचं बंद झाल्यावर. मागून चालणं हा जर त्या शब्दाचा मूळ अर्थ असेल, तर सरांची सही चुकीच्या मुलीच्या कागदावर झाली होती.

मुलगा दहावीला बसला तेव्हा त्याच्यासाठी जाडजूड डिक्शनरी घेतली. एका दुपारी, असाच मार्च, सहज पानं उलटताना तो शब्द दिसला. जुना वर्गमित्र दिसावा तशी मी खूश झाले. अर्थ वाचला. परत वाचला. मग उदाहरणाचं वाक्य वाचलं, त्यात एक वेटर होता. मी ते पुस्तक कपाटात ठेवलं आणि दिवसभर कुणाशी बोलले नाही. रात्री मुलानं विचारलं, "आई, तुला बरं नाही का?" मी म्हटलं, "ऊन लागलं."

आणि मग मी काय केलं? काहीच नाही. कौसल्या तेव्हा अजिंठ्याकडच्या एका गावी जिल्हा परिषदेच्या शाळेत होती, पुढं मुख्याध्यापिका झाली, हे मला ठाऊक होतं. मामाच्या पोराशी लग्न करून, दोन पोरं सांभाळून, उशिरा का होईना, तिनं बी.एड. केलं होतं. दोन लग्नांत आम्ही भेटलो. दोन्ही वेळी तिनं माझ्या मुलांची चौकशी केली आणि दोन्ही वेळी मी तिला उन्हाबद्दल सांगितलं.

यंदा गच्चीवर सईनं खोदून खोदून विचारलं तेव्हा पहिल्यांदा हे सगळं कुणाला तरी सांगितलं. मला वाटलं होतं ती हसेल. ती हसली नाही. म्हणाली, "आजी, त्या आता कुठं असतात?"

"इथंच. सिडकोत. रिटायर झाल्यापासून."

"म्हणजे रिक्षानं पंधरा मिनिटं?"

"हो."

"आणि तू पन्नास वर्षं थांबलीस?"

या पिढीला गणित फार लवकर येतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दोघी गेलो. कौसल्या ओट्यावर चटई टाकून वर्षाचे गहू निवडत बसली होती. केस पांढरे, पाठ तशीच ताठ. मला बघून चष्मा वर सरकवला.

"शाले? वाट चुकलीस व्हय?"

"तुझ्याकडंच आले."

"मंग बस. ही कोण? नात? ये बाई, बस. हात मोकळे असले तर खडे काढ."

सई मुकाट्यानं ताट पुढं ओढून गहू निवडायला लागली. घरी तिला हे काम सांगून बघा. मी पाणी प्यायले, ऊन फार आहे म्हणाले, गहू चांगला आहे म्हणाले. मग सईनं माझ्याकडं असं बघितलं की मला बोलावंच लागलं. एका दमात सांगितलं. डिक्शनरी, तीन शब्द, तिसरा शब्द. "मला अर्थ माहीत नव्हता गं. खरंच माहीत नव्हता. मला वाटलं, नम्र, आज्ञाधारक असा अर्थ आहे. मुलाच्या दहावीच्या वेळी कळलं मला."

तिचा हात गव्हातच फिरत होता. "मला त्याच दिवशी कळलं. येताना कालेजच्या लायब्ररीत गेले आन्‌ मोठ्या डिक्शनरीत बघितलं."

"मग मला बोलली का नाहीस?"

"काय बोलू? मला वाटलं तू मुद्दाम लिवलं."

"मुद्दाम!"

"मंग? साऱ्या हॉस्टेलात इंग्रजीवाली तू. तुझी चूक व्हईल असं कोणाला वाटंल? तूच तसं वाटू दिलं नाय कधी." ती हसली, पण सईकडं बघून. "तुझी आजी लई हुशार होती बरं का. स्वयंपाकाच्या बाईला इंग्रजीतनं घाबरवायची."

मग सईनं कौसल्याला विचारलं, जे मी विचारलं नसतं. "आजी, मुलाखतीत काय झालं होतं?"

"काय व्हायचं? चार-पाच जण बसले होते. एकानं पत्र वाचलं, मोठ्यानं. मला म्हणला, बाई, या शब्दाचा अर्थ सांगा. मी म्हणलं, नाय माहीत. म्हणला, इंग्रजी शिकवायला आलात ना? सारे हसले. मंग दुसरा म्हणला, सरांनी लिहिलंय म्हणजे खरंच असेल, बघू या की. आन्‌ मला म्हणला, जरा बाहेर जाऊन चहा सांगून या बरं आमचा."

कौसल्यानं एक खडा उचलला, बघितला, ओट्याच्या खाली टाकला.

"मी गेले," ती म्हणाली. "रेक्टरबाईच्या दारात बादली घेऊन बसणारी मी. उठले आन्‌ चहा सांगितला. कडक, साखर कमी, जसं त्यांनी म्हणलं तसं. सांगून झाल्यावर कळलं मला, मी काय करून ऱ्हायले ते. परत आत गेलेच नाय. तशीच फाटकाच्या भायेर. नोकरी त्यांनी दिलीच नसती, त्याचं मला नाय काय. पण पाय गेलेच ना माझे, चहा सांगायला."

"माफ कर मला," मी म्हटलं. "शब्द चुकला माझा."

"शब्दाचं सोड." पहिल्यांदा तिनं हात थांबवले. "तू डिक्शनरी उघडली तेव्हा मराठीतला कोणता शब्द हुडकत होतीस?"

"सांगितलं ना. आज्ञाधारक."

"माझ्यासाठी?"

"हो."

"तीन वर्षं एका खोलीत राहून?"

मी चटईवरून खडा म्हणून उचलला तो गहू निघाला.

"तुझ्या कागदात तू काय व्हतीस? ब्रिलियंट. आणखी काय? इंडिपेंडंट. कॉटवर उभी राहून वाचलंस. मी टाळ्या वाजवल्या. मंग माझ्या कागदावर आली तर तुला आज्ञाधारक सापडला. चुकलं काय त्यात? त्या लोकांना तुझा अर्थ बरोबर कळला."

"मला वाटलं, तसं लिहिलं तर ते तुला घेतील," मी म्हणाले. "तुझ्या भल्यासाठी."

"व्हय. तेच म्हणते मी."

उन्हाची तिरीप ओट्यावर आली तशी तिनं चटई आत ओढली. आम्हाला फाटकापर्यंत सोडायला आली. सईच्या हातात निवडलेल्या गव्हाची एक पिशवी दिली, "मजुरी तुझी," म्हणाली. आणि मला म्हणाली, "शाले, परत येशील तेव्हा चूक सांगाया येऊ नको. चूक झाली आता सांगून."

"मग काय सांगायला येऊ?"

"ते तुला ठाव."

रिक्षात सईनं विचारलं, "आजी, त्यांनी तुला माफ केलं का?" मी म्हटलं, "मी शब्दाची माफी मागितली गं. ती तिनं कधीच देऊन टाकली असेल."

मला ठाव आहे. पूर्वीही असणार, मी तिकडं बघत नव्हते. आमच्या फुलंब्रीच्या घरी रास निघाली की अंगणात माणसं येऊन उभी राहायची, चपला हातात घेऊन, बरोबर धान्याच्या पेवापाशी, त्याच्या अलीकडं कधी नाही. आई त्यांना धान्य घालायची आणि ती गेली की म्हणायची, "लई गरीब स्वभावाची माणसं." त्यांच्यातला कुणी उत्तम गाणारा होता, कुणी विहीर खणताना पाणी कुठं लागेल ते सांगायचा, एक बाई तर नुसतं हात लावून गाय कधी विणार ते सांगायची. पण आमच्या घरात त्यांची तारीफ एकाच गोष्टीसाठी व्हायची. वाकतात चांगले. मी ते ऐकत मोठी झाले. बी.ए.पर्यंत शिकले, क्यूवाले शब्द शिकले, पाचोडच्या त्या मुलीच्या खारोड्या खाल्ल्या, तिच्याकडून कविता समजून घेतल्या. आणि तिची स्तुती करायची वेळ आली तेव्हा माझा हात डिक्शनरीच्या नेमक्या त्याच पानावर गेला. ऊन होतं, घाई होती, वय होतं, असं मी सईला सांगू शकते. कौसल्याला नाही सांगता येणार. ती विचारेल, मग स्वतःच्या कागदावर हात त्या पानावर का नाही गेला?

याला आता महिना होत आला. सईचे पेपर झाले. त्या गव्हाच्या पोळ्याही झाल्या, मऊ होतात. सई रोज संध्याकाळी विचारते, "आजी, उद्या जायचं?" आणि मी रोज म्हणते, "ऊन जरा उतरू दे." चूक झाली हे सांगायला जायला मला पन्नास वर्षं लागली. ती चूक नव्हती, हे सांगायला पंधरा मिनिटांचाच रस्ता आहे, आणि मी अजून चप्पल घातलेली नाही.